अडतीस हजार नऊशे बारा

हिरवा कर्सर मिनिटाला एकशे बारा वेळा लुकलुकायचा. धाकटीने तो तीन वेगवेगळ्या रविवारी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिला होता: एकशे बारा, एकशे तेरा, परत एकशे बारा. मधला आकडा तिच्याच मोजण्यातली चूक असणार. त्या कॉम्प्युटरला घाई करायचं काही कारण नव्हतं. गेली अकरा वर्षं तो एकाच माणसाची एकच फाईल उघडत होता.

धाकटी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. नळाला येणाऱ्या पाण्यात काय आहे आणि किती आहे, हे खाली सही करून सांगायचं, असं ते काम. वय एक्कावन्न. लग्न केलं नव्हतं. आईच्या घरापासून दीड तासावर तिचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात तिला 'मोजपट्टी' म्हणत. ते नाव बाबांनी ठेवलेलं. सहा वर्षांची असताना तिच्या हातून दुधाचं भांडं उपडं झालं, तेव्हा रडायचं सोडून ती किती फरशांपर्यंत दूध गेलं ते मोजत बसली होती.

बाबा लिफ्ट तपासनीस होते. चौतीस वर्षं त्यांनी इमारतींच्या लिफ्टचे दोर, ब्रेक आणि दारं तपासली. ते निवृत्त झाले त्या वर्षी दादाने, म्हणजे धाकटीच्या मोठ्या भावाने, हा कॉम्प्युटर घरी आणला, 'बाबा, आता आठवणी लिहून काढा' असं फर्मान सोडलं आणि स्वतः नोकरीसाठी लांब निघून गेला. धाकटी तेव्हा होस्टेलवर होती. सुट्टीत घरी यायची तेव्हा बाबा वरच्या खोलीत, याच खुर्चीत, चष्मा कपाळावर चढवून हिरव्या अक्षरांकडे बघत बसलेले असायचे. त्या खोलीचा वास तिला अजून आठवत होता: तापलेल्या धुळीचा, प्लॅस्टिकचा, आणि कडांना भोकं असलेल्या लांबलचक छपाईच्या कागदाचा.

तेव्हाचं सगळंच हळू होतं. फ्लॉपी खाचेत सरकवायची, खटका दाबायचा, मग यंत्र आधी घसा खाकरायचं, मग दोनदा टुकटुक करायचं, मग दळण दळल्यासारखा आवाज. त्यानंतर काळ्या पडद्यावर एकेक ओळ उगवायची. लिहायच्या प्रोग्रामला एक खोड होती. उघडला की तो जुन्या अक्षरांवरच नवी अक्षरं बसवायचा, जुनी गिळून टाकायचा. कीबोर्डच्या उजव्या अंगाची एक कळ दाबली की मग शहाण्यासारखा जुन्यांना पुढे सरकवून जागा करायचा. कुठल्या तऱ्हेने चाललंय ते वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असे. बाबांनी कीबोर्डच्या वर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून त्या कळेकडे बाण काढला होता, 'आधी ही!' म्हणून. बाणाची शाई आता पार उडाली होती.

वीज केव्हाही जायची आणि सेव्ह न केलेलं सगळं घेऊन जायची. म्हणून दिवा जरा फडफडला की न्हाणीघरातून बाबांची आरोळी यायची, "सेव्ह केलंस का?" पुढे ते घरातलं परवलीचं वाक्यच झालं. कुलूप लावलं, परीक्षा दिली, दादाने मुलगी पसंत केली, काहीही झालं तरी कोणीतरी विचारायचंच, "सेव्ह केलंस का?"

बाबा गेल्यावर आईने त्या यंत्रासाठी जुन्या पडद्याचं खोळीसारखं झाकण शिवलं. धाकटी दर रविवारी दुपारी यायची, जेवायची, मग वर जाऊन फाईल उघडायची आणि पडदाभर मजकूर वाचायची. एका रविवारी एक. सगळे मिळून बावीस पडदे होते. बाविसावा संपला की परत पहिल्यापासून. फाईल फ्लॉपीवर होती, तिची दुसरी प्रत बुरशी लागून गेली होती, आणि कोणाकडून तरी ती नव्या यंत्रावर उतरवून घ्यायची हे अकरा वर्षं राहून गेलं होतं.

"बघू," ती म्हणायची.

"तुझं आडनावच 'बघू' लावायला हवं होतं," दादा फोनवर म्हणायचा.

बघूच्या यादीत आणखी एक गोष्ट होती. आईच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर पंपघर होतं आणि तिथे एक छोटी प्रयोगशाळा. तिथली जागा रिकामी होती. साहेब दरवर्षी विचारायचे. या वर्षी त्यांनी सांगितलं होतं की महिनाअखेरपर्यंत अर्ज आला नाही तर ती जागाच बंद होणार. बदलीचा कोरा अर्ज धाकटीच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. आई ऐंशीची, एकटी. पण आई म्हणायची, "मला काय धाड भरली आहे?" आणि धाकटी लगेच तिच्यावर विश्वास ठेवायची. तिला स्वतःच्या दोन खोल्यांतली शांतता प्रिय होती. हे तिने कोणापाशी कबूल केलं नव्हतं.

त्या रविवारी आठवा पडदा होता. तिने खोळ काढली, उजेडाची चकती फिरवली. हल्ली ती चकती दर वेळी शून्यावर असायची, आई धूळ पुसताना फिरत असेल. अक्षरं उगवली. दोर तपासण्याबद्दलचा मजकूर, तिला जवळजवळ पाठ असलेला. अर्ध्यावर ती थांबली.

'दोर तपासताना हात फिरवावा, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. मधे काळा खड्डा आहे. कडेकडेनं उजेड येतो. समोर बघितलं की काहीच नाही, म्हणून बाजूला बघायचं रेकला तेल लागलं तर चिंधीने पुसून घ्यावं.'

हे वाक्य तिला आठवत नव्हतं. लिफ्टच्या खड्ड्याबद्दलच असणार, दुसरं काय. पण 'रेकला' म्हणजे? 'ब्रेकला' हवं. बाबांच्या मजकुरात चुका नसत. दोन बोटांनी लिहिणाऱ्या माणसाच्या मानाने तो फारच स्वच्छ होता. वाचून वाचून आपलंच डोकं चालेनासं झालंय, असं तिने ठरवलं आणि चहाला खाली गेली.

पुढच्या रविवारी नववा पडदा. त्यात बाबांनी एका जुन्या इस्पितळातल्या लिफ्टची गोष्ट सांगितली होती. गोष्टीच्या मधोमध लिहिलं होतं:

'जिन्याला चौदा पायऱ्या. तेरावीनंतर थांबायचं. कठडा तिथंच संपतो.'

इस्पितळाच्या गोष्टीत जिना नव्हता. बाबांच्या कुठल्याच गोष्टीत जिना नव्हता. लिफ्टवाल्याच्या नशिबी जिन्याचं घर यावं, ही त्यांची जन्मभराची तक्रार होती आणि लिहितानाही ते जिन्याचं नाव टाळत. धाकटी उठली, जिन्यावर गेली आणि पायऱ्या मोजत उतरली. चौदा. कठडा तेराव्या पायरीशी संपत होता. या घरात ती लहानाची मोठी झाली होती, आणि हे तिने कधी मोजलं नव्हतं.

ती परत वर आली. फाईल बंद केली आणि फ्लॉपीवरची यादी काढली. यादीत एकच नाव, त्याच्यापुढे आकार आणि तारीख. आकार अडतीस हजार नऊशे बारा बाइट. तिच्या पर्समधल्या वहीत, पहिल्याच पानावर, अकरा वर्षांपूर्वी तिने हाच आकडा लिहून ठेवला होता. अडतीस हजार नऊशे बारा. तारीख १ जानेवारी १९८०. पण ती तारीख काहीच सांगत नव्हती. यंत्राच्या आतली घड्याळाची बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे ते दर वेळी त्याच दिवशी जागं व्हायचं. जे काही लिहाल ते १ जानेवारी १९८० लाच लिहिलेलं.

आकडा मात्र सांगत होता. एक अक्षर वाढलं असतं तरी तो बदलला असता. मजकूर बदललेला नाही. बदललंय ते तिचं डोकं. असा निष्कर्ष तिने काढला.

तिसऱ्या रविवारी दहाव्या पडद्यावर काही नव्हतं. तिने नियम मोडून अकरावा उघडला. पान उलटायची कळ झिजली होती, पाचदा दाबावी तर कधी चारदा लागायची, कधी एकदाच. अकराव्यावरही काही नव्हतं. बाराव्यावर, दारांच्या कड्यांबद्दल लिहिताना बाबा म्हणत होते:

'पिशवीला नवी साखळी आहे. दारात आधी ती वाजते. मग हाक येते. हाक आली की बरं वाटतं, पण ती लगेच घड्याळ बघते ड्या तपासाव्यात आणि सैल असतील तर बदलाव्यात.'

पिशवी तिच्या पायाशी होती. तिने महिन्यापूर्वी घेतलेली. तिला बाजूने एक साखळी होती, चालताना ती छनछन वाजायची. धाकटीने साखळीला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. भर दुपार होती. खिडकीतून समोरच्या घराची गच्ची दिसत होती, तिथे चादरी वाळत होत्या. खोलीत फक्त पंख्यासारखी यंत्राची घरघर. तिला मागे वळून बघावंसं वाटलं आणि ती वळली नाही.

तिने यादी काढली. अडतीस हजार नऊशे बारा.

खाली आई मटार सोलत बसली होती. दाणे भांड्यात टपटप पडत होते. आई हल्ली बोलताना धाकटीच्या कानाकडे बघायची. पिकलेल्या केसांकडे बघत असेल, असं धाकटीला वाटायचं, आणि तिला ते थोडं लागायचं.

"आई, वरच्या कॉम्प्युटरला तू हात लावतेस?"

"मी? पुसते."

"चालू करतेस?"

"कशाला गं? माझे गुडघे बघ. चौदा पायऱ्या चढून तुझ्या बाबांच्या डबड्याशी गप्पा मारायला जाऊ?"

धाकटीने जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चौदा आहेत, तुला कसं माहीत?"

"पन्नास वर्षं चढतेय. तू एकटीच मोजतेस की काय या घरात?" आईने एक शेंग तिच्या कानाच्या दिशेने पुढे केली. "घे. कोवळी आहे."

"वर कोणी येतं का? शेजारीण वगैरे?"

"कोणी येत नाही. तूच येतेस, आठवड्याला चार तास." आई हसली. "साडेतीन. तू मोजतेस म्हणून सांगितलं."

त्या दिवशी दादाला फोन करताना धाकटी घराबाहेर, कोपऱ्यावरच्या कुंपणाशी उभी राहिली.

"बाबांच्या फाईलमध्ये नवीन वाक्यं येतायत."

"कोणाची?"

"माहीत नाही. मी नेते ती पिशवी आहे त्यात. नवी."

दादा म्हणाला, "मोजपट्टी, तू झोपतेस ना नीट?"

"आकडा तोच आहे. काहीच बदललेलं नाही आणि सगळं बदललंय."

"हे बघ, ते डबडं दे टाकून. आईला इकडे आणतो. सातवा मजला, लिफ्ट आहे, बाबा खूश होतील. नाहीतर तू जा तिच्याकडे. पण ठरव एकदाचं. महिनाअखेर कधी आहे?"

"शुक्रवारी."

"मग?"

"बघू," ती म्हणाली, आणि पलीकडे दादाने सोडलेला सुस्कारा तिला स्पष्ट ऐकू आला.

मंगळवारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तापायला ठेवून ती टेबलाशी बसली. तिने वहीत उतरवून आणलेली वाक्यं एका कागदावर, एकाखाली एक, लिहून काढली. रविवारी फोननंतर परत वर जाऊन उरलेले पडदेही तिने उलटले होते, त्यामुळे एकूण नऊ वाक्यं जमली होती. 'दूधवाला बदलला, नवा पाय घासत चालतो.' 'दादाचा फोन आला, त्याला सर्दी आहे.' 'नळाचं पाणी गार लागलं म्हणजे सहा वाजले.' 'गॅसची कळ दोनदा चाचपावी.' लिफ्टच्या खड्ड्याचं वाटलेलं ते पहिलं वाक्यही.

नमुना कुठून आला हे माहीत नसेल, तर त्यात काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी बघावं. हे तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. तिने पेन्सिलीने प्रत्येक वाक्याशेजारी एकेक शब्द लिहिला. आवाज. आवाज. मोजणं. स्पर्श. आवाज. स्पर्श. मोजणं. आवाज. पहिल्या वाक्याशी आली तेव्हा पेन्सिल थांबली.

नऊ वाक्यांत त्या काळ्या खड्ड्याखेरीज एक रंग नव्हता. एक चेहरा नव्हता. पिशवी लालभडक होती आणि लिहिणाऱ्याला तिची फक्त साखळी माहीत होती.

'समोर बघितलं की काहीच नाही, म्हणून बाजूला बघायचं.'

तिला आईची नजर आठवली. कानावर खिळलेली.

बुधवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सत्तावीस वर्षांत तिने बुधवारी कधी रजा घेतली नव्हती. साहेबांनी विचारलं, "बरं नाही का?" ती म्हणाली, "एक नमुना आणायचाय."

अकराच्या सुमाराला ती आईच्या दारात पोचली. पिशवीची साखळी तिने मुठीत घट्ट धरली होती. स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता. गॅस बंद होता. तिने वर पाहिलं.

वरून आवाज येत होता. कीबोर्डचा. अडखळत, दोन बोटांनी शोधत दाबल्यासारखा नव्हे. सलग, समान, पत्र्यावर पावसाने धरलेल्या ठेक्यासारखा. ती नकळत मोजू लागली. सेकंदाला जवळजवळ पाच. या घरात इतक्या वेगाने लिहिणारं कोणी तिला माहीत नव्हतं. ती चपला न काढता जिना चढली. तेराव्या पायरीशी हात कठड्यावरून घसरून हवेत गेला.

दार किलकिलं होतं. खिडकीचे पडदे ओढलेले. खुर्चीत आई बसली होती, पाठ ताठ, मान भिंतीकडे वळलेली, जणू कोणीतरी तिला बाजूने हाक मारली होती आणि ती ऐकत होती. तिचे हात मात्र पळत होते. दहाही बोटं. आणि समोरचा पडदा काळा होता. त्यावर एकही अक्षर नव्हतं, कर्सरचा ठिपकाही नव्हता. अक्षरं एकामागून एक त्या काळ्यात पडत होती आणि काहीच उमटत नव्हतं. धाकटीला क्षणभर वाटलं की ते हात आईचे नाहीत. दुसऱ्याच कोणाच्या तरी घाईत आहेत.

हात थांबले.

"आज बुधवार आहे ना?" आई न वळता म्हणाली. "साखळी वाजली नाही."

"मुठीत धरली होती."

"अस्सं. चोर पकडायला आलीस."

धाकटीच्या तोंडून भलताच शब्द फुटला. "पडदा बंद आहे, आई."

"चकती मीच फिरवते. तो हिरवा उजेड डोळ्यात खुपतो आणि उपयोग काहीच नाही." आईने हात मांडीवर घेतले. "बस. खाट आहे डावीकडे."

"मला दिसतेय खाट."

"हो गं. तुला दिसत असणार."

धाकटी खाटेवर टेकली. "कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. आधी वाचायचं गेलं. मग चेहरे. मधलं जातं, कडेचं राहतं. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, परत यायचं नाही. त्यांनी थेंबही दिले. मी म्हटलं, परत यायचं नाही तर थेंब कशाला, रस्ता ओला करायला?"

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं? तू 'बघू' म्हणाली असतीस, दादाने तिकीट काढलं असतं, आणि मी सातव्या मजल्यावर. तिथं मला पायऱ्या माहीत नाहीत, नळ माहीत नाहीत. इथं मी कशालाही न धडकता फिरते." ती थांबली. "भाजी तेवढी करपली आज."

"पण हे..." धाकटीने यंत्राकडे हात केला आणि मग तो खाली घेतला. "हे तुला येतं?"

आई पहिल्यांदाच मोकळेपणी हसली. "तुला काय वाटलं, तुझ्या बाबांनी लिहिलं हे सगळं? त्यांना कुठं येत होतं? ते इथून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायचे आणि बोलायचे. मी बडवायची. लग्नाआधी वकिलांच्या कचेरीत पाच वर्षं काढलीत मी टायपिंगमध्ये. तू सुट्टीवर आलीस की मात्र लेखकमहाशय खुर्चीत."

'सेव्ह केलंस का?' बाबा न्हाणीघरातून ओरडायचे. कोणाला ओरडायचे, हा प्रश्न धाकटीला पस्तीस वर्षांत पडला नव्हता.

"हे यंत्र बोलतं," आई सांगत होती. "दोन टुकटुक झाले की तयार. दळण थांबलं की फाईल आली. बघावं लागतच नाही. आधी नुसती बोटं चालतात का बघत होते. मग वाटलं, तू दर रविवारी वाचतेस. तोंडाने सांगितलं की ते आजारपण होतं. इथं लिहिलं की नुसतं लिहिलेलं असतं. म्हटलं, शेवटापर्यंत पोचलीस की वाचशील."

"शेवटापर्यंत?"

"हो. शेवटीच लिहिते ना मी, बाबांच्या पुढं. पान उलटायची कळ बावीसदा दाबते, मोजून. त्यांच्या एका अक्षराला धक्का लावला नाही."

धाकटी उठली. तिने उजेडाची चकती हळूहळू फिरवली. तळातून वर आल्यासारखी अक्षरं आली. झिजलेल्या कळेने बावीस दाब पुरे मोजले नव्हते. हा सतरावा पडदा होता. वरच्या कोपऱ्यात बारीक शब्द सांगत होता की नवी अक्षरं जुन्यांवर बसतायत. उजव्या अंगाची ती कळ कोणी दाबलीच नव्हती. पूर्वी आई त्या कोपऱ्याकडे नजर टाकून दाबत असेल. आता तिच्यापुरता तो कोपरा उरलाच नव्हता. म्हणून आकडा कधी बदलला नव्हता. जेवढी अक्षरं आली, तेवढीच गेली होती.

सतरावा पडदा धाकटीला सगळ्यात जास्त आवडायचा. त्यात बाबांनी म्हटलं होतं: 'दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसाशी आधी बोलावं. दार नंतर. त्याला सांगावं, वर कोणीतरी आहे. ते कळलं की माणूस तासभर धीर धरतो.'

आता तिथे होतं: 'दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसाशी आधी बोलावं. दार नंतर. त्याला आज भाजी करपली. वास आला तेव्हा उशीर झा धीर धरतो.'

ती वाचत उभी राहिली. मागून आईने विचारलं, "त्यांचं सगळं आहे ना गं?"

आईचा चेहरा तिच्याकडे होता; नजर तिच्या कानापाशी. इतक्या साध्या प्रश्नाला आई घाबरली आहे, हे धाकटीला दिसलं. नऊ वाक्यांखाली बाबांची किती वाक्यं गेली ते तिला माहीत होतं. एकूण सहाशेच्या आसपास अक्षरं.

"अडतीस हजार नऊशे बारा," ती म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वी होतं तेवढंच. एकानेही कमी नाही."

आईने श्वास सोडला. "मोजलंस म्हणजे झालं."

यंत्राची घरघर चालू होती. कर्सर 'झा' आणि 'धीर' यांच्या मधे लुकलुकत होता, मिनिटाला एकशे बारा वेळा, वाट बघत. धाकटीच्या एकदम लक्षात आलं.

"आई, आजचं सेव्ह केलंस का?"

"अजून कुठं? तू आलीस ना मधेच."

"मग एक मिनिट थांब. पान चुकलंय. पुन्हा उघडते. मघाचं जाईल, चालेल?"

"जाऊ दे. भाजी करपली एवढंच होतं. वास येतोच आहे."

धाकटीने सेव्ह न करता फाईल बंद केली. दळण दळलं गेलं. फाईल पुन्हा उघडली आणि ती पान उलटायची कळ न मोजता, पडद्याकडे बघत दाबू लागली. सतराव्यावर थांबली. 'त्याला सांगावं, वर कोणीतरी आहे.' शाबूत होतं. तिथून ती खाली गेली, बाविसाव्याच्या तळाशी, जिथे बाबांचं शेवटचं वाक्य संपत होतं आणि पुढे नुसता काळोख होता. मग तिने उजव्या अंगाची कळ दाबली. कोपऱ्यातला शब्द बदलला.

"ये," ती म्हणाली. "आता बरोबर जागेवर आहे."

आईने बोटं कीबोर्डवर ठेवली. ती अंधारातही आपापल्या जागा ओळखून बसली. "काय लिहू?"

"तू नको ठरवू. मी सांगते, तू लिही."

"बापरे. त्यांच्यासारखं?"

"त्यांच्यासारखं."

धाकटी खिडकीपाशी गेली आणि तिने पडदे सारले. समोरच्या गच्चीवरच्या चादरी आज नव्हत्या. पिशवीत वहीच्या मधे कोरा अर्ज घडी घालून ठेवलेला होता. तो तिने सकाळीच ड्रॉवरमधून काढून घेतला होता, का ते स्वतःला न विचारता. खिडकीपासून खुर्चीपर्यंत चार पावलं होती. ती तेवढी चालली, परत वळली, परत चालली. आईची मान भिंतीकडे वळली होती, ऐकण्यासाठी.

"बोल ना," आई म्हणाली. "त्यांनाही सुरुवातीला असंच व्हायचं."

"लिही," धाकटी म्हणाली. "बदलीचा अर्ज मी उद्या देतेय. एक तारखेपासून मी इथं राहायला येते."